बिनगॅसच्या कवट्या

"आरं ठोकू नगंस! ठोकू नगंस म्हणतोय न्हवं! कवटी हाय ती, नारळ न्हवं!"

दिनकर, तू एवढ्या जोरात ओरडलास की खाली रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं ब्रेक मारला, गॅलरीतली दोन कबुतरं उडाली ती थेट शिरोली एमआयडीसीत जाऊन बसली, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या तुझ्या लेकीनं, वैशूनं, हातातला मोबाईल टेबलावर ठेवला. यातलं पहिलं आणि दुसरं तू नेहमीसारखं चारनं भागून घे. तिसरं मात्र जसंच्या तसं खरं आहे. मोबाईल ठेवल्याचा तो टक्क आवाज आपण दोघांनीही ऐकला आणि तुझ्या स्वयंपाकघरात दोन म्हातारे एकदम चिडीचूप झाले.

मग तू कुजबुजलास, "टेपर न्हाई दिलास तू."

"टेपर हाय."

"डोळ्याच्या खोबणीला न्हाई. म्हणून अडकलीया."

"तू बुक्क्या मारून ठासलंयस. पेढा हाय मर्दा तो, वाळू न्हवं."

मी लाकडी साच्याचे दोन भाग हळूच वेगळे केले. कवटीचा वरचा भाग माझ्या हातात आला. जबडा साच्यातच राहिला, दात काढून.

हेच भांडण आपण फौंड्रीत असताना पंपाच्या एका हाऊसिंगवरून, म्हणजे बाहेरच्या कवचावरून, केलं होतं. मी पॅटर्नमेकर, लाकडाचा नमुना बनवणार. तू मोल्डर, तो वाळूत दाबून साचा उठवणार. मग त्यात वितळलेलं लोखंड पडणार. ते हाऊसिंग तीन म्हशींच्या वजनाचं होतं. बरं, एका रेडकाच्या. साचा तुटला, माल बाद झाला. नमुन्याच्या कडेला उतार, म्हणजे टेपर, कमी पडला की वाळू जास्त ठासली गेली, याचा निकाल मालक लावू शकला नाही, मालकाचा मुलगा लावू शकला नाही. आपण दोघं रिटायर झालो तरी तो खटला चालूच राहिला. आता तू गेलास म्हणून मी माघार घेईन, अशी आशा धरू नकोस. टेपर होता.

पण त्या दिवशी भांडायला वेळ नव्हता. चार वाजले होते. सहाला पार्टी होती.

गॅस का नव्हता हे तुला सांगायला नको, पण हे इतरही वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीच्या आधी एके सकाळी तुझं दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि तू गॅलरीत पेपर वाचत बसलास. वास जिन्यात आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या माधुरीताई खाली धावत आल्या आणि त्यांनी कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी वैशू पुण्याहून आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं रेग्युलेटर काढला, पुसला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. सिलिंडर माधुरीताईंच्याकडे गेला. तुला मेसचा डबा लागला. खंडेनवमीला फौंड्रीतल्या दोनशे माणसांचं जेवण एकट्याच्या जिवावर करणारा तू, ज्याच्या रश्श्याच्या वासानं शेजारच्या कारखान्यातला संप मिटला होता (भाग चारनं), तो तू आता चहासाठी माझ्या घरी यायला लागलास.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत बिल्डिंगमधल्या सुनांनी भुतांची पार्टी काढली. खालच्या पार्किंगमध्ये, पोरांसाठी. प्रत्येक घरानं काहीतरी भीतिदायक खायला आणायचं. माधुरीताई यादी घेऊन तुझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काही करू नका हं. तुम्ही नुसते या."

तू माझ्याकडे आलास. खुर्चीत बसलास. "नुसते या म्हणाली, सद्या." पाणी प्यालास. "नुसते या." थोड्या वेळानं परत तेच. मी तुला इतकं गप्प बसलेलं शालनवहिनी गेल्या तेव्हाच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजवलंस. "जाळ न लागणारं कायतरी करायचं. पोरं टरकली पायजेत."

तोवर वैशू दिवाळीला आली होती. तिनं तुला समोर बसवून, मला साक्षीला ठेवून सांगितलं होतं, "आप्पा, दोन दिवस मी बघणार आहे. नीट असाल तर राहा. पुन्हा काही झालं, तर ते काही नाही, या खेपेला पुण्याला घेऊनच जाणार."

"पुण्यात मी काय करू?" तू म्हणालास. "तिथं मला शिव्या कोण देणार?"

ती हसली नाही. तू माझ्याकडं बघितलंस. आता कळलं का, तो जबडा साच्यात अडकला तेव्हा मी भांडण का तोडलं? तुझं घर, तुझी गॅलरी, तुझी खुर्ची, सगळं त्या एका जबड्यावर टांगलेलं होतं.

साच्याचं लाकूड मी चंदगडच्या जंगलातून आणलं होतं. त्या सागाखाली एक बिबट्या झोपायचा, त्याला उठवून, विनंती करून मी ती फांदी मागून घेतली. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू लाकूड उलटंपालटं करून बघितलंस आणि म्हणालास, "बिबट्यानं तुला खुंटी लावायची दोन भोकं पण पाडून दिली व्हय?" ते आमच्या जुन्या फळीचं लाकूड होतं. आमच्या हिला अजून पत्ता नाही. हे छापून आलं की लागेल.

पण साचा मी मन लावून केला होता, हे तू कबूल केलं होतंस. दोन भाग, मध्ये जोड, कानाच्या जागी दोन खुंट्या, म्हणजे भाग हलणार नाहीत. आत लिंबाएवढी कवटी. कृती तर शेंबड्या पोरालाही जमावी अशी. दुधाची पावडर, पिठीसाखर, खोबऱ्याचा बारीक कीस, डब्यातलं आटवलेलं दूध आणि चमचाभर तूप. मळायचं. साच्याच्या दोन्ही भागांत दाबायचं. आत जामचं बोट फिरवायचं आणि त्यावर अर्धा अक्रोड ठेवायचा. अक्रोडाची तुझी कल्पना. मी म्हटलं, भरीव कवटी करू, सोपी पडेल. तू म्हणालास, "आत कोअर घातल्याशिवाय कास्टिंग करीन काय मी? पोरानं डोस्कं फोडलं की मेंदू दिसला पायजे." मग दोन भाग जोडायचे, डोळ्यांत काळ्या मनुका दाबायच्या. ना जाळ, ना शेगडी, ना कुणाची परवानगी.

जबडा अडकल्यावर मी खिशातून चाकू काढला आणि डोळ्याच्या खोबण्या जरा तासल्या. टेपर होताच. मी फक्त साफ केलं. तू ओट्याला टेकून बघत होतास आणि तुझ्या मिशीखाली जे चाललं होतं त्याला मी हसणं म्हणणार नाही, कारण त्याचं उत्तर द्यावं लागेल.

मग तू म्हणालास, "थांब, पावडर मारूया. चिकटणार न्हाई." रुमालाची पुरचुंडी केलीस, मागे फडताळाकडे वळून तीत काहीतरी पांढरं भरलंस, गाठ मारलीस आणि साच्यावर धरून झटकलीस. टप, टप. दोनच झटके. वाळूच्या साच्यावर तू जन्मभर तेच दोन झटके मारलेस. तिसरा मारलेला मी कधी बघितला नाही.

आणि कवट्या सुटायला लागल्या. काय सुटल्या रे! अलगद, गोल गरगरीत, गालाची हाडं वर आलेली. वीस मिनिटांत बारा झाल्या. तू पालथ्या ताटावर रांग लावलीस आणि प्रत्येकीला नाव दिलंस. पहिली आपला सुपरवायझर. तेवढ्यात माधुरीताई आल्या, ओरडल्या, "अय्या आजोबा!" आणि नमुना म्हणून चार कवट्या ताटलीत घालून वर घेऊन गेल्या. जाता जाता वैशूला म्हणाल्या, "तुझे आप्पा म्हणजे ना!" वैशू पहिल्यांदाच हसली. तिचा फोन आला, ती बोलत गॅलरीत गेली. मला वाटलं, जिंकलो.

एका कवटीचं नाक मोडलं होतं. ती मी तोंडात टाकली.

कच्च.

पंचगंगेच्या घाटावर बसून वाळू चावावी तसं. मी थुंकलो, बोटानं चोळून बघितलं. मग तुझ्या मागं बघितलं. फडताळात दुधाच्या पावडरीचा डबा बंद होता आणि त्याच्या शेजारी वैशूनं दिवाळीसाठी आणलेल्या पांढऱ्या रांगोळीचा डबा उघडा होता. दगडाची भुकटी, दिनकर. बारा कवट्यांच्या अंगाला. पार्किंगमध्ये तीस पोरं जमायची होती.

"दिनक्या, पुरचुंडीत काय भरलंयस?"

"पार्टिंग पावडर." तू मान वर न करता म्हणालास. "बॉक्स पलटी करा लवकर. मेटल यायला लागलंय."

"कुठलं मेटल?"

तू फ्रिजकडं बोट दाखवलंस. "त्ये काय. भट्टीतनं लोखंडाचा लॅडल निघाला न्हवं." मग तू माझ्याकडं बघितलंस. वरपासून खालपर्यंत, अगदी अदबीनं. आणि म्हणालास, "पावणं, तुमी कुठलं? जरा मागं सरून थांबा. ठिणगी उडंल."

पावणं.

आपल्या कोल्हापुरात हे आपण एसटी स्टँडवर म्हणतो, रस्ता विचारणाऱ्याला म्हणतो, जयसिंगपूरहून पोरगी बघायला आलेल्यांना म्हणतो. तू मला जन्मभर ज्या नावांनी हाक मारलीस त्यातलं एकही इथं छापता येणार नाही, आणि त्यातल्या एकाचंही मला कधी वाईट वाटलं नाही. मी तुझा दंड धरला. तू तो सोडवून घेतलास, परक्यानं धरल्यावर सोडवतात तसा, न दुखवता.

आणि वर चार कवट्या गेल्या होत्या.

मी गॅलरीच्या दारासमोरून सावकाश चालत गेलो, कारण वैशूची नजर माझ्यावर होती. दाराबाहेर पडलो आणि धावलो. गुडघे बदलायला सांगितलेला माणूस मी. वरचे जिने मी कसे चढलो ते मला माहीत नाही. माधुरीताईंचं दार उघडं होतं. त्यांच्या सासूबाई, आक्का, कॉटवर बसल्या होत्या. तोंडात एकही दात नाही, आणि हातात कवटी, ओठांपासून दोन बोटांवर.

"आक्का, थांबा!"

"का रं मेल्या?"

"तिचं डोळं कच्चं हायती अजून!"

"मला डोळं न्हाई खायाचं. डोस्कं खायाचंय."

मी ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातून मिठाई हिसकावून घेतली, दिनकर. तिनं मला ज्या शिव्या घातल्या त्या तू ऐकायला पाहिजे होत्यास, तू वहीत उतरवून घेतल्या असत्यास. ताटलीत दोन होत्या. म्हणजे तीन. "चौथी कुठाय?" मी ओरडलो. माधुरीताई आतून आल्या, घाबरलेल्या. "फोटो काढत होते, गॅलरीच्या कठड्यावर ठेवलीय." चारही माझ्या खिशात गेल्या. "साखर कमी पडली, परत करतोय," मी म्हटलं आणि जिना उतरलो. उतरताना एकच विचार होता, तू अजून फौंड्रीत आहेस की घरी आलास.

तू घरी आला होतास. तुझ्या कपाळावर घाम होता आणि चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखा तू इकडं तिकडं बघत होतास. पण तुझ्या शेजारी वैशू उभी होती. एका हातात रांगोळीचा डबा, दुसऱ्या हातात पुरचुंडी.

"काका," ती म्हणाली, "ही रांगोळी यात कुणी भरली?"

तू माझ्याकडं बघितलंस. तुला माहीत नव्हतं. ते मला दिसलं. तूसुद्धा उत्तराचीच वाट बघत होतास.

"मी," मी म्हटलं. "चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात होता. काडी बाहेर आलेली. वैशूची नजर तिथं गेली की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

"पोरांनी खाल्लं असतं तर?"

"म्हणून तर पळत गेलतो वर."

मग तिनं रांगोळीच्या डब्याचं झाकण लावलं, दाबलं, परत एकदा दाबलं. "पाच वाजत आलेत," म्हणाली आणि बाहेर गेली.

त्यानंतरचा तास मी कुणालाही रंगवून सांगितला नाही. उरलेल्या अकरा कवट्या मी पिशवीत भरून गाठ मारली. साचा धुता येईना. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, मग दोन भाग बसत नाहीत. मी जुन्या टूथब्रशनं खोबणीतला कण न् कण काढला, तुपाच्या फडक्यानं पुसला, जीभ लावून बघितली, परत पुसला. तू मळत होतास. मी पुरचुंडी नव्या रुमालाची केली, दुधाची पावडर तुझ्या डोळ्यांसमोर डब्यातून काढून भरली आणि तुझ्यापुढं केली. तू हात मागं घेतलास.

"तू मार," म्हणालास.

मी मारली. माझे चार-पाच झटके व्हायचे, निम्मी ओट्यावर. एरवी तू मला फाडून खाल्लं असतंस. त्या दिवशी तू फक्त थांबायचास, मी मारली की साचा ओढून घ्यायचास, दाबायचास, अक्रोड ठेवायचास, जोडायचास. तुझे हात एकदाही कापले नाहीत. दर कवटीला तेच. "तू मार." "मार." शेवटी शेवटी तर नुसती मान हलवायचास. बाहेर वैशूच्या पायांचा आवाज दारापर्यंत यायचा आणि परत जायचा.

सहाला पाच कमी असताना छत्तीस कवट्या झाल्या. छत्तीसच. यात भागाकार नाही.

पार्टीचं काय सांगू? चादरी पांघरलेली भुतं, टोमॅटो सॉस लावलेल्या हडळी. माधुरीताईंनी तुझं ताट मधोमध ठेवलं. पहिल्या पोरीनं कवटी फोडली, लाल जाम ओघळला, अक्रोड दिसला आणि ती किंचाळली, "मेंदू! खरा मेंदू!" मग सगळं पार्किंग मेंदू मेंदू करत तुझ्या अंगावर आलं. आक्का खुर्चीत बसून दोन कवट्या चोखत होत्या आणि माझ्याकडं बघून डोळे वटारत होत्या. तू मधे उभा होतास, शर्टाला शंभर हातांचा चिकटपणा. तू माझ्याकडं बघून ओरडलास, "सद्या, बघालाईस काय उभा! ताट धर की!" मला सद्या म्हणालास. मी ताट धरलं.

वैशू पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "काका, बसा जरा." मी बसलो.

"एक विचारते. गोष्ट न सांगता उत्तर द्या. आप्पा ठीक आहेत ना?"

"ठीक आहे."

"एकटे राहू शकतील?"

"राहील."

बस्स. बिबट्या नाही, म्हशी नाहीत, कबुतरं नाहीत. मी जन्मात इतकं आखूड बोललो नव्हतो. माझ्या सगळ्या बाता तू चारनं भागायचास, सगळं गाव भागायचं, पण त्या दोन उत्तरांत भागायला काही नव्हतंच. म्हणून तिनं ती तशीच घेतली असावीत. मी साधं बोललो, आणि जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तू स्टँडवर पोहोचवायला गेलास आणि परस्पर माझ्याकडं आलास. चहा आला. तू बशीत ओतलास आणि प्यायचा थांबलास.

"सद्या, रांगोळी कुणी भरलती?"

"मी."

"खरं सांग."

"मीच की रं. म्हातारा झालो आता."

तू माझ्याकडं किती वेळ बघत होतास! मग एकदम मोकळा हसलास. आणि पुढचे दिवस तू मला बिल्डिंगभर, गल्लीभर, चहाच्या गाडीवर बदनाम केलंस. "ह्या आंधळ्याला रांगोळी आनि दुधाची पावडर कळत न्हाई! आनि म्हणं पॅटर्नमेकर! ह्यानंच त्या पंपाचा टेपर खाल्लाता!" लोक हसायचे. मी मान खाली घालायचो. दिनकर, मला आयुष्यात कुणी इतकी सुखाची बदनामी दिली नाही. पोरं तुला कवटीआजोबा म्हणायला लागली. तू बिनगॅसचं एकेक काढत होतास. भेळ, दडपे पोहे, केळ्याची शिकरण, त्यात मनुकांचे डोळे. माधुरीताई आता "नुसते या" म्हणत नव्हत्या. "आजोबा, काय आणताय?" म्हणत होत्या.

आता जे मी कुणाला सांगितलं नाही ते. एका दुपारी तू माझ्या दारात येऊन विचारलंस, "शालन इकडं आलीया काय?" सहा वर्षं झाली होती वहिनींना जाऊन. मी म्हटलं, "मंडईत गेल्यात. येतील. बस." तू बसलास. आपण चहा प्यालो, टीव्हीवर कसली तरी कुस्ती चालली होती ती बघितली. मग तूच हळू म्हणालास, "शालन गेली न्हवं रं?" मी म्हटलं, "व्हय." तू कप खाली ठेवलास, उठलास आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास. त्या वेळी मी वैशूला फोन करायला हवा होता. मोबाईल माझ्या मांडीवर होता. नाही केला.

का नाही केला हेही सांगतो, आणि यात तू भागाकार करू नकोस. तुझ्या भल्यासाठी नाही केला. तू पुण्याला गेला असतास तर माझ्या बाता ऐकून घेणारे शंभर होते. त्यांना चारनं भागणारा कुणी नव्हता. भागणाराच नसला की माणूस फुगत जातो, आणि मी तर मुळातच फुगलेला. मला माझा माणूस पाहिजे होता. तुझं घर वाचवलं, असं मी स्वतःला सांगत होतो. मी माझं वाचवत होतो.

त्यानंतर एका शुक्रवारी मी जयसिंगपूरला लग्नाला गेलो होतो. रात्री तिथंच राहिलो. शनिवारी सकाळी आलो तर तुझ्या दारात मेसचा डबा होता. आदल्या संध्याकाळचा. मी डबा उचलला, तो गार होता, आणि मला दार उघडायच्या आधीच कळलं. तू गॅलरीत खुर्चीवर होतास. मांडीवर पेपर. डॉक्टर म्हणाले, हृदय, काही कळलंही नसेल. म्हणाले, कुठंही असते तरी झालं असतं. लोकांना बरं वाटावं म्हणून मी जन्मभर जे बोलत आलो, तसंच ते बोलले. म्हणून मला त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

शेवटच्या घटकेला तू कुठं होतास, दिनकर? गॅलरीत होतास की फौंड्रीत? समोरून रस्त्यानं जाणारा माणूस तुला ओळखीचा वाटला, की पावणं? मी तिथं असतो तर तू मला काय म्हणाला असतास? मी हे रोज वेगवेगळं रचून बघतो. मला गोष्टी रचता येतात. ही एक जमत नाही.

तुझं दिवसकार्य झालं. काल वैशू घर आवरत होती. मी गेलो, दाराशी उभा राहिलो. ती तुझे स्वेटर घड्या घालून बॅगेत भरत होती. तिनं "या काका" म्हटलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर गोष्ट सांगितली असती.

"वैशू, रांगोळी मी न्हवती भरली. तुझ्या आप्पानं भरली. त्याला वाटलं, आपण फौंड्रीत हाय. त्यानं मला ओळखलं न्हाई. तू विचारलंस तवा मी खोटं बोललो. नंतर आणखी एकदा तसंच झालं, तेबी तुला कळवलं न्हाई. खरं सांगितलं असतं तर तू त्याला घेऊन गेली असतीस."

तिनं हातातल्या स्वेटरची बाही सरळ केली, घडी पुरी केली, बॅगेत ठेवली.

"दिवाळीला परतीचं तिकीट मी एकटीचंच काढलं होतं, काका," ती म्हणाली. "येतानाच."